दमट हवा, ऊन, डोंगर... पळताना तुमची कधी जिरली? (अनुभव)

कासव: काल कपाट आवरताना पहिल्या हाफ मॅरेथॉनचं (२१ किलोमीटर) मेडल सापडलं आणि पोटात गोळाच आला. त्या पहाटे तापमान फक्त २४, म्हटलं आज दोन तासांच्या आत. ह्युमिडिटी ९० च्या वर होती ते बघितलंच नाही! घाम वाळेचना, नुसता निथळत होता, बुटांत पचपच. बाराव्या किलोमीटरनंतर पेस (वेग) तोच पण हार्ट रेट १५५ वरून १७८. शेवटी अडीच तास, तेही निम्मं चालत. नंतर कळलं की घाम येऊन भागत नाही, तो उडून गेला तरच अंग गार होतं. तुमचे किस्से टाका.

रविवारपुरती: पचपच 😂😂 मी मोजे पिळलेत

घाटचढ्या: माझं उलट. २४०० मीटरवर गेलो, हवा थंडगार, वाटलं आज उडणार. पहिल्याच चढाला तोंडाने श्वास. एक आजोबा चालत मला मागे टाकून गेले, वर जाताजाता म्हणाले "सावकाश"

रविवारपुरती: आजोबा 🙏 वर ऑक्सिजन कमी असतो ना?

आकडेमोड: टक्के तेवढेच, २१ च्या आसपास. दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात कमी येतो. १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत झालं, २२४० मीटर उंची. अमेरिकेच्या बॉब बीमनची ८.९० मीटर लांब उडी तिथलीच, हवा विरळ ना, अडवायला कमी. पण दहा हजार मीटर धावण्याचं सुवर्ण २९:२७ मिनिटांना गेलं, तेव्हाचा विश्वविक्रम २७:३९ होता. मग घाटचढ्या, तुम्ही वाईट कशाला वाटून घेता

घाटचढ्या: वाईट आजोबांचं वाटतंय हो 😅

लिंबूटिंबू: मी उन्हाला घाबरून वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन दोन ग्लास पाणी ढोसलं. फिनिशला डोकं गरगर, उलटी, बोटं सुजून अंगठी निघेना. डॉक्टर म्हणाले जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम खाली गेलंय. मी आपली सगळ्यांना पाणी कमी पडलं म्हणून सांगत होते!! आता तहान लागेल तेवढंच. अंगठी अजून घट्टच आहे ती गोष्ट वेगळी, तो वजनाचा विषय

कासव: बापरे ताई. काळजी घ्या

दुपारचा_शहाणा: भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजायला लागली तर थांबा. मी थांबलो नाही, पुढचे दोन किलोमीटर आठवतच नाहीत, आठवतो तो थेट बर्फाचा टब. आता उन्हाळा सुरू झाला की १०-१४ दिवस नुसतं रमतगमत पळतो, घड्याळ घरी. अंगाला सवय होते, घामही लवकर सुटतो.

आकडेमोड: दोहाची २०१९ ची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा आठवा. महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली तरी ६८ पैकी ४० जणीच पोचल्या.

रविवारपुरती: म्हणजे कासवताईंचे अडीच तास फारच भारी की

नवखा: विषय सोडून विचारतो, ओले बूट वाळवायचे कसे? वास जाता जात नाही

लिंबूटिंबू: आतलं सोल काढून ठेवा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. उन्हात अजिबात नको

नवखा: वर्तमानपत्र येतंय कुठे आता घरी 🙄