'अझ्काबानचा कैदी': सिनेमाला वेग आला, पण रॉनचं काय?

निशिगंध
महिनाभर रोज रात्री लेकीला हॅरी पॉटरचा तिसरा भाग मराठीतून वाचून दाखवत होते. तो संपला म्हणून रविवारी २००४चा सिनेमा लावला. पडक्या झपाटलेल्या घरातला प्रसंग आला आणि ती ताडकन उठून बसली. "आई, हे तर रॉन म्हणतो ना?"

खरंच, हॅरीचा जिवलग मित्र रॉनच म्हणतो. पाय मोडलाय, चेहरा पांढराफटक पडलाय, तरी तो उभा राहतो आणि अझ्काबानच्या तुरुंगातून पळालेल्या सिरियस ब्लॅकला सांगतो, हॅरीला मारायचं तर आम्हालाही मारावं लागेल. सिनेमात हे वाक्य त्या दोघांची मैत्रीण हर्मायनी हिला दिलंय.

स्नेप सरांच्या तासालाही तेच. स्नेप हर्मायनीला अतिशहाणी म्हणून हिणवतो, तेव्हा पुस्तकातला रॉन भर वर्गात उसळतो: उत्तर ऐकायचंच नसेल तर विचारता कशाला? त्यापायी दवाखान्यातली बेडपॅन जादू न वापरता घासायची शिक्षा भोगतो. सिनेमातला रॉन काय म्हणतो? सरांचं काही चुकलं नाही. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी असताना!

जाड पुस्तकाला कात्री लागणारच, ते मला मान्य आहे. पण ही वाक्यं रॉनकडेच ठेवली असती तर सिनेमा एका सेकंदानंही लांबला नसता. मग हे वेगासाठी केलं असं कसं म्हणायचं?

रानवाट
निशिगंधताई, रॉनबद्दल वाईट मलाही वाटतं, पण या सिनेमाला नावं ठेवलेली मला सोसत नाहीत. ब्रिटिश आवृत्तीत दुसरं पुस्तक २५१ पानांचं आणि त्याचा सिनेमा १६१ मिनिटांचा. तिसरं ३१७ पानांचं आणि सिनेमा १४२ मिनिटांचा. गोष्ट वाढली, वेळ घटला, आणि तरी आठांपैकी हाच सिनेमा सगळ्यात मोकळा श्वास घेतो. दिग्दर्शक क्रिस कोलंबसनी पहिल्या दोन भागांत प्रसंगामागून प्रसंग इमानानं मांडले. तिसऱ्यात अल्फोन्सो क्वारोननी ऋतू मांडले. ते मारकुटं झाड अंग झटकतं आणि आपल्याला कळतं, हिवाळा सरला. एक संवाद नाही!

शाळेचा रखवालदार हॅग्रिड, त्याच्या झोपडीतला दगड आठवा. खिडकीतून येतो, बरणी फुटते, दुसरा हॅरीच्या डोक्यात बसतो. कोणी मारला, कळत नाही. अर्ध्या तासानं वेळ मागे फिरते आणि दगड हर्मायनीच्या हातात दिसतो. हे पुस्तकात नाहीच. सिनेमानं स्वतःच्या बळावर रचलंय.

आणि रॉन चौदा वर्षांचा आहे. मोडक्या पायानं कण्हणारं पोर मला खरं वाटतं.

चाफेकळी
कण्हू दे की. पुस्तकातही तो कण्हतोच, पण कण्हत उभा राहतो. रॉनची सगळी किंमत त्या उभं राहण्यात आहे.

दीपमाळ
माझं दुखणं वेगळं आहे. त्या जादुई नकाशावरची मूनी, वर्मटेल, पॅडफूट आणि प्राँग्स ही चार टोपणनावं कोणाची, हे सिनेमा सांगतच नाही. तो कागद म्हणजे नकाशा आहे, हे ल्युपिन सरांना कसं कळलं? आणि मुख्य म्हणजे हॅरीचा पट्रोनस, म्हणजे जादूनं बोलावलेला रक्षक प्राणी, हरणच का? त्याचे बाबा हरणाचं रूप घेत, म्हणून त्यांचं नाव प्राँग्स. तळ्याकाठी तो आधी बाबांना पाहिल्यासारखं समजतो, मग ते आपणच होतो हे त्याला उमगतं. पुस्तक वाचताना मी त्या पानावर रडले होते. सिनेमात नुसतं एक सुंदर चमकतं हरीण येतं. "हा नकाशा आम्ही चौघांनी केला", ल्युपिनचं एवढं एक वाक्य पुरलं असतं.

रानवाट
दीपमाळ, इथे मात्र बोलायला जागा नाही. मान्य.

रॉनचं मान्य नाही. हर्मायनी या भागाचा कणा आहे. कालयंत्र तिच्या गळ्यात आहे, शेवटची धावपळ तीच निभावते. तिला आधीपासून धीट दाखवलं, म्हणून शेवट पटतो.

निशिगंध
तिच्या धीटपणासाठी रॉनला मिंधा कशाला करायचा? उलट पुस्तकात तिचा धीर जास्त दिसतो. फायरबोल्ट झाडू नाताळात निनावी येतो, त्यात काही दगाफटका असेल म्हणून ती मॅकगोनागल बाईंना जाऊन सांगते. झाडू जप्त होतो. दोघं मित्र कित्येक दिवस तिच्याशी बोलत नाहीत. ती हॅग्रिडकडे जाऊन रडते, पण आपलं म्हणणं सोडत नाही. शेवटी हॅग्रिड त्या दोघांचे कान उपटतो, झाडू आणि रॉनचा पाळीव उंदीर मैत्रिणीपेक्षा मोठे झाले का म्हणून. सिनेमात झाडू अगदी शेवटी येतो आणि हे भांडणच उरत नाही.

माझ्या लेकीनं त्या रात्री पुस्तक मिटायला लावलं होतं. शाळेत तिचंही तसंच काहीतरी चाललं होतं, मला ते तेव्हा कळलं.

रानवाट
हे वाचून भांडण पुन्हा काढून वाचलं. ते सिनेमात असायला हवं होतं. स्नेपच्या तासाचंही तुमचंच खरं. पण त्या पडक्या घरात हर्मायनी हॅरीच्या पुढे उभी राहते, ते मी बदलू देणार नाही.

चाफेकळी
मग दोघांनाही उभं करायचं होतं. वाक्यात "आम्हाला" आहेच की.