'पिपांत मेले ओल्या उंदिर' : अर्थ कवीचा, की वाचणाऱ्याचा?

अन्वय
कवी बा. सी. मर्ढेकरांच्या या कवितेचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आधी ओळ नीट वाचावी, मग तिच्यावर हक्क सांगावा.

पहिलीच ओळ पुष्कळजण 'ओले उंदीर' अशी समजून पुढे जातात. 'ओल्या' हे सामान्यरूप आहे (प्रत्यय लागलेल्या नामाआधी विशेषणाचं बदललेलं रूप), ते 'पिपांत'लाच लागतं. उंदरांना लावायचं असतं तर 'ओले' आलं असतं. म्हणजे सुरुवातीला ओल पिपाची आहे. उंदीर 'न्हाले' ते थेट शेवटच्या ओळीत. 'मेले'पासून 'न्हाले'पर्यंतचं हे अंतर म्हणजेच कविता, आणि शब्दांचा संबंध चुकीचा जोडला, म्हणजे अन्वय चुकला, की ते पहिल्याच ओळीत संपतं.

शिवाय 'उंदिर' दुरुस्त करून 'उंदीर' छापू नका. ओळ 16 मात्रांची आहे, 8-8 अशी. 'दि' दीर्घ केलात की 17 होतात.

वाचकच अर्थ घडवत असेल, तर चुकीचं वाचन कशाला म्हणायचं?

सहृदया
असहमत. व्याकरणाने वाक्य कळतं, उंदीर कोण ते कळत नाही. कवितेत ते कुठेच सांगितलेलं नाही. ही कविता ज्यात आहे तो 'काही कविता' हा संग्रह 1947 साली आला. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. छळछावण्यांच्या बातम्या वाचलेल्याला पिपात माणसांचे ढीग दिसले तर त्याला चूक कसं म्हणणार? चाळीतल्या वाचकाला आठवणार उंदरासकट पाण्यात बुडवलेला पिंजरा. परीक्षेच्या गाइडने 'यांत्रिक जीवन' असं लेबल चिकटवलं, तेही वाचनच, फक्त आळशी. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने 1967 मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून अर्थ वाचकाच्या हाती दिला, पण आपल्याकडे ध्वनिसिद्धान्तात, म्हणजे सूचित अर्थाच्या संस्कृत काव्यविचारात, सहृदयाला (जाणत्या रसिकाला) जागा त्याच्या किती तरी शतकं आधीपासून आहे.

अन्वय
जागा आहे, मोकळं रान नाही. व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) वाच्यार्थावरच (शब्दांच्या सरळ अर्थावर) उभा राहतो. याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले. सुटे शब्द वेचून लावलेला तो आरोपही 'वाचकाने घडवलेला अर्थ'च होता ना?

मात्रागण
तुम्हा दोघांनाही अडचणीत आणणारा शब्द आहे 'पण'.

'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे.' हा 'पण' म्हणजे 'सुद्धा', की 'परंतु'? बोलण्यात 'मी पण येतो' म्हणजे मीसुद्धा. 'परंतु' असेल तर तो सहसा वाक्याच्या तोंडी येतो. इथे स्वल्पविराम नाही. वृत्तही तेच सांगतं: 'जगायची पण' इथे 8 मात्रा भरतात आणि यती (थांबा) पडते, त्यामुळे 'पण' मागच्या शब्दाला चिकटतो. तेव्हा 'सुद्धा'. जगण्याचीही सक्ती, मरण्याचीही.

पण लगेच पुढे बघा: 'उदासतेला जहरी डोळे, काचेचे पण'. इथेही 'पण' मागेच लटकलाय, 8 मात्राही तशाच, आणि अर्थ मात्र उघड 'परंतु'. डोळे जहरी खरे, परंतु काचेचे. म्हणजे 'परंतु' उलटा टाकायची सवय याच कवितेत आहे. मग सक्तीच्या ओळीत ती का नसावी? जगायचंय, पण सक्तीने. मरायचंय, पण तेही सक्तीने. पहिल्या अर्थात इच्छेचा प्रश्नच नाही. दुसऱ्यात इच्छा आहे आणि सक्तीने ती नासलीय. कविता मोठ्याने वाचताना 'जगायची'नंतर थांबायचं की 'पण'नंतर, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. कागदावर ते ठरलेलं नाही.

सहृदया
मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

काठावरची
शेवटाकडे ओठांवर जमलेल्या मधाळ पोळ्याला कवी 'बेकलायटी' म्हणतो, त्याचं काय करायचं? बेकेलाइट हे 1907 चं कृत्रिम प्लास्टिक: कडक, तुकतुकीत, पडलं की तडकणारं. टेलिफोन, रेडिओची खोकी, विजेची बटणं त्याची असायची. मधाळ पोळं म्हणावं आणि ते निघावं बेकलायटी! पूर्वीच्या वाचकाच्या बोटांना तो स्पर्श माहीत होता. आज तळटीप लागते, आणि तळटीप वाचून काचेच्या डोळ्यांशी असलेलं नातं समजतं, अंगावर येत नाही. मर्ढेकर रेडिओत नोकरीला होते, हे सांगितलं की ओळ जवळ येते. पण त्यांच्याच सौंदर्यशास्त्राप्रमाणे बघायचं ते लयीकडे, तिच्या संवाद-विरोध-समतोल या तत्त्वांकडे. कवीच्या नोकरीकडे नव्हे. लेखकाचं ऐकायचं तर लेखकालाच बाजूला ठेवावं लागतं.

अन्वय
'पण'चा मुद्दा मान्य. तिथे मजकुरानेच दोन दारं उघडी ठेवलीत. 'ओल्या'ला मात्र एकच दार आहे, आणि हा फरक मी सोडणार नाही. सहृदया, छावणीचं वाचन घ्या, हरकत नाही; पण 'ओठांवरती ओठ मिळाले' ही ओळ त्यात कुठे बसते ते सांगा. माना मुरगळल्याविण पडल्या, तशाच आसक्तिविणही पडल्या. मरण आणि संभोग इथे एकाच क्रियापदावर तोललेत. त्यातलं एक गाळून उरतं ते अर्ध्या कवितेचं वाचन.

सहृदया
ती ओळ माझ्या वाचनात अजून बसत नाही, हे खरं. छावणी सोडत नाही, पण शेवटचं कडवं पुन्हा घेते. 'मिळाले'चं तिथे 'लागले' झालंय, हे आत्ता दिसलं.