व्यसन नसलेल्या रुग्णालाही नॅलोक्सोनने विथड्रॉवल का होतो?

वेदनाकक्ष_परिचारिका

नमस्कार. मी कर्करुग्णांच्या वेदनाशमन विभागात परिचारिका आहे. अनेक महिने मॉर्फिन घेत असलेल्या एका आजोबांची किडनी बिघडल्यामुळे औषध शरीरात साचले आणि त्यांचा श्वास फार मंदावला. तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनचे 400 मायक्रोग्रॅमचे अँप्यूल 10 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळायला लावले आणि श्वास मोजत त्यातले एकेक मिलिलिटर द्यायला सांगितले. सगळे एकदम दिले तर वेदना उसळतील आणि विथड्रॉवलही (औषध अचानक तुटल्यावर होणारा त्रास) सुरू होईल, असे ते म्हणाले. आजोबांना कसलेही व्यसन नाही. हेच इंजेक्शन तुम्हाआम्हाला दिले तर काहीही जाणवत नाही, असे शिकवले जाते. मग विथड्रॉवल येतो कुठून?

दुसरा प्रश्न घरचा आहे. माझा मावसभाऊ गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनातून बाहेर पडत आहे. अशा पदार्थांचा परिणाम रोखणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी सुरू करण्यापूर्वी त्याला 10 दिवस थांबवून ठेवले आहे आणि मावशीला ही दिरंगाई वाटते. गर्दमुळे वाढलेला टॉलरन्सही (त्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागणे) या गोळीने उतरतो का?

औषधशास्त्र_अध्यापक

ताई, व्यसन आणि शारीरिक अवलंबित्व या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की आपल्या पहिल्या प्रश्नातली गाठ सुटते. व्यसनात औषधाची ओढ असते आणि नुकसान दिसत असूनही सेवन चालू राहते. अवलंबित्व मात्र पेशींनी केलेली तडजोड आहे, आणि काही आठवडे नियमित मॉर्फिन घेणाऱ्या बहुतेक प्रत्येक शरीरात ती होते.

मॉर्फिन पेशीवरच्या ‘म्यू’ रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे चिकटते त्या जागेवर, बसले की पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूची निर्मिती मंदावते. हा दाब रोजचा झाला की पेशी ते बनवणाऱ्या यंत्रणेची क्षमता वाढवते, आणि मॉर्फिन असतानाही निर्मिती जवळजवळ पूर्वपदावर येते. शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी 1975 मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हे दाखवले होते. गाडीचा ब्रेक सतत दाबलेला असताना चालकाने वेग टिकवण्यासाठी ॲक्सिलरेटरही दाबून धरावा, तशी ही स्थिती असते. त्याच ब्रेकने गाडी आता पूर्वीइतकी थांबत नाही, हा टॉलरन्स. ब्रेकवरचा पाय अचानक निघाला की गाडी उधळते, हा विथड्रॉवल. मेंदूच्या देठातील लोकस सेरुलियस या केंद्रात ही उधळण नॉरॲड्रेनलिन या उत्तेजक रसायनाच्या रूपाने दिसते, आणि म्हणूनच घाम, धडधड, अस्वस्थता यांवर ते रसायन आवरणाऱ्या क्लोनिडिन या औषधाचा उपयोग होतो.

नॅलोक्सोन स्वतः रिसेप्टरला चालना देत नाही. ते जागा पकडते आणि मॉर्फिनला हुसकावून लावते. ब्रेक दाबलेलाच नसेल तर काढायला काही उरत नाही, त्यामुळे निरोगी माणसाला काही जाणवत नाही. हे विधान पूर्णपणे मात्र खरे नाही, कारण आपल्या शरीरातील एन्डॉर्फिन ही नैसर्गिक वेदनाशामकेही रोखली जातात. 1978 मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात प्लासिबोने (औषध नसलेल्या खोट्या उपचाराने) मिळणारा वेदनाशमनाचा लाभ नॅलोक्सोनमुळे कमी झाला होता.

पूर्वी अमेरिकेत नॅलोक्सोनच्याही आधीचे नॅलॉर्फिन टोचून, बाहुल्या मोठ्या होतात का हे पाहून, संशयितांनी अफूवर्गीय पदार्थ घेतला आहे का हे तपासत असत. विज्ञान बरोबर होते; हेतूबद्दल माझे मत चांगले नाही.

भूलतज्ज्ञ_सातारा

वरील विवेचनाला शय्येजवळची बाजू जोडतो. नॅलोक्सोनला अमेरिकेत 1971 मध्ये मान्यता मिळाली आणि तेव्हापासून त्याने असंख्य जीव वाचवले, परंतु दीर्घकाळ मॉर्फिनवर असलेल्या कर्करुग्णात आपले ध्येय त्याला टक्क जागे करणे हे नसते. श्वास पुरेसा व्हावा आणि वेदनाशमन टिकावे एवढेच हवे असते. एकदम पूर्ण मात्रा दिली तर असह्य वेदनेबरोबर रक्तदाब उसळू शकतो आणि क्वचित फुप्फुसात पाणीही साचते. म्हणून आपल्या डॉक्टरांची पद्धत योग्यच होती. रस्त्यावर निळा पडलेला, श्वास थांबत आलेला तरुण असेल तर हिशेब उलटा होतो. तिथे आधी श्वास, मग त्याला टर्की (विथड्रॉवल) लागली तरी चालेल, कारण ती त्रासदायक असली तरी सहसा प्राणघातक नसते.

इथे अनेकदा निसटणारी बाब म्हणजे काळ. नॅलोक्सोनचे अर्धायुष्य साधारण एक तासाचे आहे आणि किडनी बिघडलेल्या रुग्णात मॉर्फिनचे क्रियाशील अंश त्याहून कितीतरी अधिक रेंगाळतात. रुग्ण डोळे उघडून बोलू लागला म्हणून निरीक्षण सैल केले, तर तो दुसऱ्यांदा गुंगीत जातो. कधी कधी सलग ठिबकही लावावे लागते.

समुपदेशक_पुणे

मावशींना वाटणारी दिरंगाई हीच मावसभावाची सुरक्षितता आहे, हे त्यांना अवश्य समजावून सांगा. नाल्ट्रेक्सोनच्या 50 मिलिग्रॅमच्या गोळीचा रोध साधारण 24 तास टिकतो. अंगात गर्द असताना ती घेतली तर उलट्या, जुलाब आणि तळमळ तासाभरात नव्हे, दिवसभरातही आटोक्यात येणे कठीण जाते, आणि वर पुन्हा गर्द घेऊन ती शमवण्याचा प्रयत्न जिवावर बेततो. गर्दसारख्या पदार्थानंतर 7 ते 10 दिवस आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या दीर्घकाळ टिकणाऱ्या अफूवर्गीय औषधांनंतर दोन आठवड्यांपर्यंत थांबण्याची पद्धत याच कारणाने आहे. भूल देऊन काही तासांत ‘सफाई’ करण्याच्या जाहिराती कुणी दाखवल्या तर त्यापासून दूर राहा. 2005 मध्ये अमेरिकेत झालेल्या 106 रुग्णांच्या चाचणीत त्या मार्गाने उपचारात टिकण्याचे प्रमाण वाढले नाही, उलट गंभीर प्रसंग त्याच गटात घडले.

आता टॉलरन्सबद्दल. तो मुख्यतः वर्ज्य राहण्याने उतरतो, आणि नाल्ट्रेक्सोन त्या काळात मदत करते. प्राण्यांत तर दीर्घकाळच्या रोधानंतर रिसेप्टर वाढलेले आणि मॉर्फिनचा परिणाम तीव्र झालेला आढळला आहे. त्यामुळे गोळ्या सोडून काही दिवसांनी त्याने जुन्या मापाने गर्द ओढली, तर पूर्वी पचणारी मात्राच आता श्वास थांबवू शकते. माझ्या मते घरच्यांनी सर्वांत जास्त काळजी याचीच घ्यावी. गोळी रोज घेतली गेली नाही तर तिचा उपयोग नाही, म्हणून ती कुणाच्या तरी समोर घेण्याची व्यवस्था करा. शस्त्रक्रिया ठरली किंवा अपघात झाला तर नाल्ट्रेक्सोन चालू असल्याचे डॉक्टरांना सांगणारे कार्ड त्याच्या खिशात असावे, कारण नेहमीची वेदनाशामके तेव्हा नीट चालत नाहीत.

त्याला हे झेपणार नसेल, तर ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोनच्या संयुक्त गोळीबद्दल तज्ज्ञांना विचारा. 4 भाग आणि 1 भाग या प्रमाणातील ही गोळी जिभेखाली ठेवली तर नॅलोक्सोन फारसे शोषले जात नाही; विरघळवून टोचली तर ते जागे होते, आणि टोचण्याचा मोह त्यामुळे कमी व्हावा असा त्यामागचा हेतू आहे.

वेदनाकक्ष_परिचारिका

सर्वांचे मनापासून आभार. मावशीला हे वाचून दाखवते. एक शंका राहिली: आजोबांच्या बद्धकोष्ठाला टॉलरन्स का येत नाही, आणि त्यावर नॅलोक्सोनसारखा रोधक देता येतो का?

औषधशास्त्र_अध्यापक

सर्व परिणामांना टॉलरन्स सारख्या वेगाने येत नाही. मळमळ आणि गुंगी कमी होतात, आतड्यांची मंदावलेली हालचाल मात्र जवळपास तशीच राहते. त्यासाठी मेथिलनाल्ट्रेक्सोन आहे, ज्याला अमेरिकेत 2008 मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या रेणूवर विद्युतभार असल्याने ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, आणि म्हणून आतड्यावरचा मॉर्फिनचा परिणाम सुटतो, पण वेदनाशमनाला सहसा धक्का लागत नाही. आतड्यात अडथळा असल्याचा संशय असेल तर मात्र ते देऊ नये. आजोबांच्या बाबतीत आधी रेचकांची मात्रा पुरेशी आहे का, हे पाहायला हवे.