व्हायोलिनवर रास्त आणि बयाती: मधला गंधार, मधला रिषभ नेमका कुठे?

गजवाला_वडोदरा
मंडळी, व्हायोलिन पांढरी पाचमध्ये (सा म्हणजे जी) सा-प-सा-प लावलंय. अरबी व्हायोलिनवालेही याच जी-डी-जी-डीत लावतात, म्हणून रास्त आणि बयाती हे दोन मकाम (अरबी संगीतातले राग म्हणा) घेतलेत. रास्तचा ग कोमल आणि शुद्धच्या मधोमध म्हणून ट्यूनरवर ३५० सेंटला ठेवतो (सा पासून मोजून; अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). तीन अडचणी आहेत. हलबच्या (सीरियातलं अलेप्पो) वादकांच्या तुलनेत हा ग उतरलेला वाटतो. त्याच हिशोबाने बयातीचा रे १५० ला ठेवला तर तो चढलेला वाटतो. आणि तानपुरा सुरू केला की रास्तचा ग खरखरतो. कान, बोट की ट्यूनर, चूक कशात धरायची? दांडिया बाजार, रावपुरा भागात कुणी हे वाजवत असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

खर्ज
बावीस श्रुतींत (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरजागांत) बघा, त्यातली एखादी बसेल. दरबारीचा ग तर ठरलेलाच मधला.

आडवा_गज
खर्जदादा, नाही बसत. श्रुतींच्या हिशोबात ग येतो २९४, ३१६, ३८६ आणि ४०८ सेंटला. रास्तचा ग साधारण ३४५ ते ३६५ च्या पट्ट्यात, म्हणजे ३१६ आणि ३८६ मधल्या मोकळ्या जागेत. रे चंही तेच: ११२ आणि १८२ च्या मध्ये आपल्याकडे काहीच नाही. दरबारीचा ग आंदोलित आहे आणि कोमलाच्याही खाली झुकतो. रास्तचा ग सरळ, न हलता उभा राहतो. ती सवय आपल्या बोटाला नसते, आणि निम्मा त्रास तिथेच आहे.

आता गजवाला, तुमचे तीन प्रश्न. ट्यूनर बरोबर आहे, पण ३५० हा आकडा कागदावरचा आहे. सप्तकाचे २४ सारखे भाग करायची मांडणी १९व्या शतकात रूढ झाली, लिहायला सोयीची म्हणून. १९३२ च्या कैरोच्या अरबी संगीत परिषदेतही त्या समान भागांवर एकमत झालं नाही. आपल्या वडोदऱ्यात १९१६ च्या संगीत परिषदेत श्रुतींवरून जो वाद झाला, त्याच जातीचा तो होता. कानाने गाणारे-वाजवणारे मात्र आपापल्या गावच्या जागेवरच राहिले. हलबकडे रास्तचा ग चढा, कैरोत थोडा खाली, आणि तुर्की पद्धतीत तर ३८४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपला शुद्धच. म्हणून तुर्की आणि मिसरी रेकॉर्डिंग एकाच आठवड्यात नक्कल करायला घेऊ नका, कान गोंधळतो.

बयातीचा रे चढलेला वाटतो हेही बरोबर ऐकलंत. तो १४० च्या आसपास ठेवा, सा वर येऊन टेकताना आणखी किंचित खाली. कागदावर रास्तचा ग आणि बयातीचा रे हा एकच स्वर (बयाती एक स्वर वरून सुरू होतो), पण वाजवताना बयातीतला साधारण दहा सेंटने खाली बसतो. मकाम बदलला की बोट हलवावं लागतं, खूण एकच करून चालत नाही.

बोटांचा हिशोब. नटपासून घोडीपर्यंत ३२८ मिमी धरलं तर:
कोमल ग (३१६) – ५४.७ मिमी
शुद्ध ग (३८६) – ६५.६ मिमी
रास्तचा ग – ६० ते ६२ मिमी
बयातीचा रे – २५.५ मिमीच्या जवळपास
ग जवळ एक मिलिमीटर सरकलं की साडेसहा सेंटचा फरक पडतो, म्हणजे बोटाच्या टोकाचा कोन बदलला तरी स्वर बदलतो. मधलं बोट उभं ठेवा, आडवं पडू देऊ नका.

तंबोरी
खरखरीचं मी सांगते. तानपुऱ्याच्या जोडीच्या (सा च्या मधल्या दोन) तारांच्या जवारीत, म्हणजे घोडीवरच्या झणकारात, पाचवा उपस्वर ठळक येतो, तो म्हणजे ३८६ चा शुद्ध ग. पांढरी पाचला जोडीची तार १९६ हर्ट्झ, तिचा पाचवा उपस्वर ९८०. तुमचा ३५० चा ग ४८० हर्ट्झच्या जवळ, त्याचा दुसरा उपस्वर ९६०. म्हणजे सेकंदाला वीसेक ठोके. ते मोजता येत नाहीत, नुसती खरखर होते, आणि कान नकळत बोट वर ओढून शुद्धावर नेतो. तुमचं बोट चुकत नाहीये, मार्गदर्शकच चुकीचा आहे. तानपुरा बंद करा. जवारी नसलेला साधा सा-प लावा, नाहीतर रियाझापुरता एकटा सा, तोही हळू. पेटी तर मुळीच नको, ती बारा पट्ट्यांत अडकलेली.

गजवाला_वडोदरा
तंबोरीताई, साध्या सा-पवर खरखर खरंच गेली. पण आधार नसल्यामुळे आता ग दर वेळी वेगळ्या जागी पडतोय.

आडवा_गज
आधार ग मध्ये शोधू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना शोधा. रे ३६.४ मिमीवर, म तारेच्या बरोबर चौथाईवर, ८२ मिमीला. हे दोन्ही आधी मोकळ्या तारांशी पक्के करा. रे ते म अंतर २९४ सेंट, ते ग ने दोन पाऊण स्वरांत तोडायचं. आधी रे-ग-रे, मग ग-म-ग, मींड न घेता, एका गजात एकच स्वर. ग-म अर्ध्या स्वरासारखं जवळ वाटलं की ग चढलाय. रे-ग तसं वाटलं की उतरलाय. बयातीला हाच खेळ सा आणि कोमल ग मध्ये रे घेऊन करा, पण तिथे वरचा भाग किंचित मोठा ठेवा.

आणि थांबायच्या जागा पाळा: रास्तात प वर, बयातीत म वर. बयातीत प वर रेंगाळलात तर रे कितीही नेमका असला तरी चाल बदलते, ऐकणाऱ्याला हुसैनी या जवळच्या मकामाकडे गेल्यासारखं वाटतं. रास्तात उतरताना वरचा मधला नि सोडून कोमल नि घेतात, तोही अंगवळणी पाडा.

ऐकायला सामी अल-शव्वा यांचं व्हायोलिन घ्या: घराणं हलबचं, कारकीर्द कैरोची. वेग निम्मा करून, पट्टी न बदलता ऐका आणि फक्त ग वर थांबलेल्या जागा निवडा.

तंबोरी
पुढे हिजाज हा मकाम घ्याल तेव्हासाठी आधीच सांगून ठेवते: भैरवचे रे-ग जसेच्या तसे नेऊ नका. कोमल रे किंचित वर, शुद्ध ग किंचित खाली, मधलं अंतर आवळलेलं. तिथे जवारीचा तानपुरा पुन्हा ग वर ओढेल, तेव्हा साधा सा-पच ठेवा.