दारात पोलीस आले म्हणून विश्वास बसतो का?

येळ्ळूरकर : काल इथं एकानं लिहिलं, कर्नाटक पोलिसांच्या 'मने मनेगे पोलीस' (घरोघरी पोलीस) योजनेत जुलै २०२५ पासून पोलीस घरोघरी येऊन विचारपूस करतायत, तेव्हा सीमाभागातल्या मराठी माणसानं आता जुनं विसरावं. वाचून डोकं तापलंय. जुलै २०१४ ला याच खाकीनं बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरला घरांत शिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना मारलं. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' फलक काढायचा आदेश न्यायालयाचा होता, मान्य. घरात शिरून मारायचा आदेश कुणाचा होता? माझी आई अजून पोलीस दिसले की दाराला कडी घालते. आधी त्या दिवसाचा हिशेब द्या, मग चहाला या.

शहापूरची : दादा, हिंसा म्हणजे फक्त फलक आणि एक नोव्हेंबरचा, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या निषेधाचा काळा दिवस का? डिसेंबर २०२३ ला बेळगावजवळच्या वंटमुरीत एका बाईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तिथं मराठी-कानडी कुठं होतं? बाईमाणसाला रात्रीअपरात्री फोन करता येईल असा ओळखीचा पोलीस हवाच की.

निपाणीवाला : ओळख असून उपयोग काय, कागद कानडीत! भावाला मारहाण झाली. फिर्याद मराठीत सांगितली, त्यांनी कानडीत लिहिली, "सही करा" म्हणाले. वकिलानं वाचली तेव्हा कळलं, मारणाऱ्याचं नावच नाही.

खानापूरचे काका : राज्याची भाषा कानडी, कानडीतच लिहिणार. जन्म इथं काढून वाचता येत नाही, हा पोलिसांचा दोष?

निपाणीवाला : १९५६ ला आम्हाला विचारून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं होतं काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम १७३ वाचा. फिर्याद वाचून दाखवायची, सही घ्यायची, प्रत फुकट द्यायची. समजतच नाही अशा भाषेत वाचली तर काय वाचली?

खानापूरचे काका : आवाज खाली. मीही मराठीच, माझा मुलगा पोलिसात आहे. फेब्रुवारी २०२५ ला मराठी बोलला नाही म्हणून कर्नाटकच्या बस कंडक्टरला मारलं, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अडल्या. तेव्हा बंदोबस्तात उभा राहून दोन्हीकडच्या शिव्या यानंच खाल्ल्या.

येळ्ळूरकर : कंडक्टरला मारलं ते चूकच. तुम्ही येळ्ळूरबद्दल एवढं म्हणाल?

खानापूरचे काका : चूक होतं. झालं समाधान?

शहापूरची : काका, मुलाच्या स्टेशनात फिर्याद मराठीत समजावून सांगतात का? खरं सांगा.

खानापूरचे काका : तो सांगतो. सगळे सांगत नाहीत, तेवढं मान्य.