निरोपाच्या भाषणात कुठली रचना? (जपानी, एन-वन म्हणजे जपानी परीक्षेची सर्वांत वरची पातळी)

माशेलकरीण:
वेर्ण्याच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. आमचे जपानी साहेब महिनाअखेर परत चाललेत. निरोपाला कामगारांच्या वतीनं मीच बोलायचं असं ठरलंय. आभार, 'तब्येतीला जपा' आणि 'तुम्ही जाताय, वाईट वाटतंय', एवढंच. पण एन-वनच्या पुस्तकात ते यामानाई, नि ताएनाई, नो इतारी, नो किवामी, ओ किंजिएनाई सगळं एकाच धड्यात कोंबलंय आणि प्रत्येकापुढे अर्थ 'अत्यंत'. यातलं तोंडी काय चालतं?

म्हापशेकार:
आभाराला 'कान्शा नि ताएमासेन' ('मासेन' हे 'नाई'चंच आदरार्थी रूप). नि ताएनाईच्या आधी नाम हवं हं. क्रियापद लावून 'किकु नि ताएनाई' केलंत तर 'ऐकवत नाही' होतं, साहेबांच्या भाषणानंतर तर नकोच!
तब्येतीला 'गो-केन्को ओ नेगात्ते यामिमासेन'. यामानाई टिकून राहणाऱ्या भावनेलाच लागतं: नेगाउ (इच्छिणं), इनोरु (प्रार्थना करणं), आइसुरु (प्रेम करणं). ओदोरोकु, म्हणजे दचकणं, क्षणाचं, त्याला नाही.
किंजिएनाई अग्रलेखात शोभतं, 'इकारी ओ किंजिएनाई' (राग आवरत नाही) वगैरे. 'त्सूकोन नो किवामी' (पराकोटीचा खेद) तर मोठ्या दुर्घटनेनंतर मंत्री म्हणतात. निरोपाला म्हटलंत तर जत्रेच्या नाटकातला राजा बोलतोय असं वाटेल.

कुडचडेचा_भाचा:
म्हापशेकारबाब, व्याकरण बरोबर, पण दोन मिनिटांत दोन जड वाक्यं म्हणजे छापील पत्र वाचल्यासारखं होईल. ताई, एकच ठेवा. वाईट वाटण्याला 'साबिशिई कागिरी देसु': कागिरी विशेषणाला थेट लागतं, औपचारिक असूनही जिभेवर बसतं. बाकी 'ताइहेन ओसेवा नि नारिमाशिता' (तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत) आणि वाकून नमस्कार, झालं.
आणि या रचना बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भावनेसाठी असतात. 'कामगारांना वाईट वाटतं' असं लांबून नको, 'वाताशितोमो' (नम्रपणे 'आम्ही') म्हणून सुरू करा.

माशेलकरीण:
कागिरी पक्कं. यामिमासेनही ठेवते, साहेबांचं वय झालंय, त्यांना आवडेल. ताएमासेन काढलं. 'कोएई नो इतारी' (हा मोठा सन्मान) मात्र आमचे मॅनेजर म्हणणार आहेत, त्यांनी पाठ केलंय.

म्हापशेकार:
चालेल, ते मान मिळाल्यावर म्हणतात. फक्त 'वाकागे नो इतारी' म्हणू देऊ नका, तो तरुणपणीचा आगाऊपणा!