प्रेशर नको, पोलॅरिटी बघा

जास्त प्रेशरचा पेट्रोल पुरवणारा पंप बसवला तर एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) जोरात पळेल, असं एकाने सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. तिच्या एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साधारण ३ पीएसआय (प्रेशरचं एकक) पुरतं. त्याहून बरंच जास्त झालं की फ्लोट चेंबरचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याचा) नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल अडवूच शकत नाही आणि ते ओव्हरफ्लो पाइपातून खाली ठिबकत राहतं. आगीचा धोका वेगळाच! फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर नकोच नको.

पंप एसयूचाच घ्या, पण पॉइंट्सच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या संपर्कांच्या) ऐवजी इलेक्ट्रॉनिक. पॉइंट्स खराब झाले की जुन्या पंपाची टिकटिक थांबते आणि टपली मारल्याशिवाय तो हलत नाही. मात्र १९६७ पर्यंतच्या बहुतेक एमजीबींमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. ऑर्डर देण्याआधी ही पोलॅरिटी तपासाच, उलट जोडणीने पंपाचं इलेक्ट्रॉनिक सर्किट जळू शकतं.